दिसेल, दिसली असती, दिसणार होती

फ्रेंच शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत 'कोंदिस्योनेल' या रूपाची पहिली भेट कॅफेत होते. वेटर येतो आणि आपण 'मला कॉफी हवी' असं न म्हणता 'ज व्हूद्रे' म्हणायचं असतं. हवी तर आहे, पण हट्ट नाही, अशा सुरात. काही धड्यांनंतर तेच रूप जर-तरच्या वाक्यांत परत येतं आणि तिथे एक नियम पाठ करून घेतला जातो: 'सी'ला 'रे' चालत नाही. 'सी' म्हणजे 'जर', आणि 'रे' हा या रूपाच्या शेवटी ऐकू येणारा आवाज. हे रूप 'जर'च्या तुकड्यात घालायचं नाही, 'तर'च्या तुकड्यात घालायचं, एवढाच त्याचा अर्थ. मग पूव्वार, दव्वार, वूल्वार (शकणं, लागणं, हवं असणं) ही तीन क्रियापदं घेऊन रिकाम्या जागा भरायच्या. दहापैकी नऊ मार्क मिळतात आणि पुढचा धडा सुरू होतो.

एवढं शिकून मी फ्रेंच कादंबऱ्यांकडे वळले तेव्हा लक्षात आलं, की कॅफेतला शिष्टाचार म्हणून शिकवलेलं हे रूप फ्रेंच गद्यात माणसांची आयुष्यं मोडत फिरत असतं. आणि ते मराठीत आणायला बसलं की आपल्या भाषेबद्दलही एक गोष्ट कळते. ती गोष्ट कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसते, कारण ती पुस्तकं एकाच भाषेची असतात.

आधी रूपाची घडण बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फ्रेंच कोंदिस्योनेल बनतं ते भविष्यकाळाचं धड घेऊन त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय जोडून. 'पूर' हे 'शकेन'मधलं धड, त्याला 'शकत होतो'चा शेपटा. म्हणजे प्रत्येक वेळी हे रूप उच्चारताना माणूस भूतकाळात उभा राहून पुढे बघत असतो. म्हणूनच त्याचे दोन उपयोग आहेत, आणि फ्रेंचमध्ये ते दिसायला हुबेहूब एकच आहेत. एक, 'पैसे असते तर घेतलं असतं' हा कल्पनेतला. दुसरा, 'तो म्हणाला की तो येईल' यातल्या 'येईल'चा, म्हणजे भूतकाळातून पाहिलेलं भविष्य. पहिल्यात गोष्ट घडलेली नाही. दुसऱ्यात ती घडेलही. रूप तेच. व्याकरणकारांनी याला वेगळा 'अर्थ' मानायचं की साधा काळ, यावर बराच वाद घातला आहे; आजचे अनेक जण काळ मानतात. मला तो वाद बाजूला ठेवायचा आहे. मला दिसतं ते असं, की या रूपात दार उघडं आहे की बंद, हे कळत नाही.

मराठीत कळतं. शाळेत आपण चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाचं उदाहरण ठरलेलं: पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं. 'असतं' म्हटलं की पीक गेलं. ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. शिवाय मराठी 'जर' आणि 'तर' दोन्हीकडे तेच रूप वापरते, 'सी'ला 'रे' न चालण्याची भानगड आपल्याकडे नाही. आणि एक बारीक गोष्ट: 'माझ्याकडे पैसे असते तर हा फोन घेतला असता' हे वाक्य आज दुकानात उभं राहून म्हणता येतं आणि गेल्या वर्षीच्या सेलबद्दलही म्हणता येतं. फ्रेंच या दोन्हींसाठी वेगवेगळी रूपं वापरते. आजचं वाक्य साध्या कोंदिस्योनेलमध्ये, त्यात अजून थोडी धुगधुगी. गेल्या वर्षीचं संयुक्त रूपात, त्यातला जीव गेलेला. मराठी दोघांनाही एकाच पांढऱ्या कापडात गुंडाळते.

आता 'मादाम बोव्हारी'. फ्लोबेरची ही कादंबरी १८५६मध्ये एका नियतकालिकात क्रमशः आली, १८५७च्या सुरुवातीला तिच्यावर अनीतीचा खटला झाला, फ्लोबेर निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी ती पुस्तकरूपात आली. सरकारी वकील पिनारचा एक आक्षेप असा होता, की एमाला दोषी ठरवेल असं पुस्तकात कुणीच नाही. वकिलाचं वाचन तसं चुकीचं नव्हतं. फ्लोबेरचा निवेदक पात्राच्या मनातलं 'तिला वाटलं', 'तो म्हणाला' असं न लावताच सांगतो, त्यामुळे बोलतंय कोण, लेखक की पात्र, हे ठरवता येत नाही. या पद्धतीला कोंदिस्योनेल अगदी सोयीचं पडतं, कारण पात्राच्या मनातलं 'असं होईल' आणि लेखकाला माहीत असलेलं 'असं झालं असतं' ही दोन्ही वाक्यं फ्रेंचमध्ये एकसारखीच लिहिली जातात.

दुसऱ्या भागातल्या बाराव्या प्रकरणात एक रात्र आहे. शार्ल बोव्हारी रुग्ण तपासून मध्यरात्री घरी येतो. बायकोला उठवायचं धाडस होत नाही. शेजारी पाळण्यात छोटी बेर्त झोपलेली आहे. तिचा श्वास ऐकत तो विचार करू लागतो. मुलगी मोठी होईल, शाळेत जाईल, पुढे तिला निवासी शाळेत घालावं लागेल, त्याला खर्च येईल. मग एक छोटं शेत खंडाने घ्यायचं, उत्पन्न बचत बँकेत ठेवायचं, त्यातून शेअर घ्यायचे. पंधराव्या वर्षी ती आईसारखी दिसेल, उन्हाळ्यात मोठ्या हॅट घालेल, लांबून लोकांना दोघी बहिणी वाटतील. ती वडिलांसाठी सपातांवर भरतकाम करेल. एखादा बरा, पोटापाण्याला लागलेला मुलगा बघून तिचं लग्न करू. हे सुख मग कायमचं टिकेल. शेजारी एमा झोपलेली नाही. झोपेचं सोंग घेऊन ती रोदोल्फबरोबर पळून जाण्याची स्वप्नं बघते आहे.

एकाच पलंगावरच्या या दोन स्वप्नांवर बरंच लिहिलं गेलंय, आणि बहुतेकांचं लक्ष एमाच्या स्वप्नाकडे जातं: चार घोड्यांची गाडी, कोळ्यांचं गाव, समुद्र. मला शार्लचं जास्त भयंकर वाटतं. एमाचं स्वप्न बरंचसं अपूर्ण भूतकाळात वाहतं, जणू ते चालूच आहे. ठरावीक जागी थांबून राहायची वेळ आली की मगच ते कोंदिस्योनेलकडे वळतं. शार्लच्या स्वप्नात मात्र ही रूपं एकामागून एक येतात, हिशेबाच्या वहीतल्या नोंदींसारखी. शेत, उत्पन्न, बँक, शेअर, हॅट, सपाता, जावई. एवढ्या साध्या अपेक्षा. त्यात विदेश नाही, प्रेम नाही, फक्त खंडाचं शेत आणि बचत खातं.

हे मराठीत कसं आणायचं? मी वर सगळीकडे भविष्यकाळ वापरला: 'दिसेल', 'वाटतील', 'टिकेल'. वाचायला सहज आहे. पण त्यात फक्त शार्ल ऐकू येतो. त्याच्या मागे उभा असलेला, शेवट माहीत असलेला फ्लोबेर गायब होतो. 'दिसली असती' म्हटलं तर उलटं होतं. फ्लोबेर एकटाच बोलतो, आणि पुढच्या सगळ्या पानांचा निकाल याच पानावर फुटतो. मराठी वाचक हुशार आहे, 'असती' ऐकताच तो मुलीची काळजी करू लागेल, आणि ती काळजी इतक्यात करायची नाही.

तिसरा पर्याय मला उशिरा दिसला, खरं तर बोलण्यातून दिसला. 'दिसणार होती.' आपण म्हणतो, 'तो आज येणार होता.' हे वाक्य कुणी तुमच्यापाशी म्हटलं तर तुम्ही काय विचाराल? 'मग? आला नाही?' विचाराल, कारण 'णार होता' या जोडीत बेत आहे आणि बेत फसल्याचा वासही आहे. पण खात्री नाही. तो अजून येऊ शकतो. पुढे बघणारा 'णार' आणि मागे ओढणारा 'होता': फ्रेंच रूपाची घडण जशीच्या तशी. पाठ्यपुस्तकात कोंदिस्योनेलसमोर 'असतं' लिहून देतात, 'णार होतं' कुणी लिहीत नाही, आणि साहित्य वाचायचं तर दुसरंच जास्त उपयोगी आहे.

तरीही अख्खा परिच्छेद 'णार होती, णार होतं, णार होते' असा लिहिला तर तो लग्नाच्या यादीसारखा खडखडतो. माझ्या मते शार्लला बराच वेळ भविष्यकाळात बोलू द्यावं, त्याच्यावर वाचकाचा जीव जडू द्यावा, आणि फक्त शेवटच्या, सुख कायमचं टिकण्याच्या क्रियापदाला 'टिकणार होतं' करावं. एकाच ठिकाणी. तिथे फट पडेल, आणि त्या फटीतून लेखक दिसेल.

कारण पुढे काय होतं ते बघा. एमा मरते, कर्जं उघडी पडतात, शार्ल बागेतल्या बाकावर बसल्या जागी मरतो आणि ते बेर्तलाच सापडतं. सगळं विकून झाल्यावर उरतात १२ फ्रँक ७५ सांतिम. बचत बँकेचं आणि शेअरचं स्वप्न बघणाऱ्या माणसाचा हा शिल्लक हिशेब, आणि तो खर्च होतो मुलीला आजीकडे पोचवण्यात. आजीही त्याच वर्षी जाते. मग एक गरीब मावशी तिला सांभाळते आणि कमाईसाठी सूतगिरणीत पाठवते. हे 'पाठवते' फ्लोबेरने वर्तमानकाळात लिहिलं आहे. शेकडो पानं भूतकाळात चाललेली कादंबरी शेवटी अचानक 'आत्ता'मध्ये येते, आणि त्या 'आत्ता'त बेर्त गिरणीत आहे. हॅट नाही, पियानो नाही. सपातांवरच्या भरतकामाऐवजी सूत. कोंदिस्योनेलमध्ये ज्या मुलीचं भविष्य लिहिलं होतं तिला वर्तमानकाळात कामाला लावलं, आणि 'अरेरे' म्हणणारा एक शब्दही कुठे नाही. मला कादंबरीतली ही सगळ्यात निर्दय जागा वाटते, विष घेण्याच्या प्रसंगापेक्षाही.

मोडल क्रियापदांचंही असंच आहे, पण तिथे मराठी वरचढ ठरते. 'दव्वार' या एका क्रियापदात कर्तव्य, सक्ती, ठरलेला बेत आणि अंदाज एवढं सगळं बसतं. भूतकाळात 'एल आ द्यू व्हांद्र सा मेझों' हे वाक्य घ्या. त्याचा अर्थ 'तिला घर विकावं लागलं' असाही होतो आणि 'तिनं घर विकलं असावं' असाही. पहिल्यात तिचं दुःख आहे, दुसऱ्यात शेजाऱ्यांची कुजबुज. फ्रेंच वाचक संदर्भावरून ठरवतो, किंवा ठरवत नाही. मराठी अनुवादकाला ठरवावंच लागतं, कारण आपल्याकडे सक्तीला 'लागलं' आहे, अंदाजाला 'असावं' आहे आणि मध्ये काही नाही. अनुवाद वाचताना मी हल्ली अशा जागा हुडकत असते: अनुवादकाने बाईला बिचारी ठरवलं की संशयित? आणि 'तू मला सांगू शकला असतास' हे फ्रेंचमध्ये अगदी रोजचं वाक्य मराठीत शब्दशः आलं की मला अनुवादकाला हलवावंसं वाटतं. अहो, आपण म्हणतो, 'मला सांगायचं तरी!' शकणं नाही, असणं नाही, नुसतं 'सांगायचं'. त्यात सगळा राग येतो.

'इल फो'चा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. 'पाहिजे', 'हवं', 'लागतं' म्हणताना मराठी ज्याला करायचं आहे त्या माणसाला सहज पुढे आणते: मला जायला हवं, तिला जावं लागतं. सक्ती माणसाकडे चालत येते. 'इल फो'मध्ये कर्त्याची जागा एका पोकळ सर्वनामाने भरलेली असते, त्यामागे कुणी नसतं. काम्यूचं 'सिसिफसची मिथककथा' (१९४२) हे पुस्तक ज्या वाक्यावर संपतं त्याची सुरुवात या 'इल फो'ने होते. सिसिफस सुखी आहे असं तिथे म्हटलेलं नाही. तसं कल्पिण्याची गरज सांगितली आहे, आणि ती कुणाची गरज, हे सांगितलेलं नाही. टी-शर्टवर आणि स्टेटसवर हे वाक्य फिरतं तेव्हा त्यातलं हे मोडल गळून पडतं आणि सिसिफस आपला आनंदात असतो.

पेरेककडे येते. झोर्झ पेरेकची 'ले शोज' (म्हणजे 'वस्तू') १९६५मध्ये आली, तिला रनोदो पुरस्कार मिळाला. झेरोम आणि सिल्व्ही हे विशीतलं जोडपं पॅरिसमध्ये बाजार-पाहणीची कामं करतं. लोकांना कुठला साबण, कुठला व्हॅक्युम क्लीनर आवडतो हे विचारत फिरायचं. वस्तूंची हाव त्यांना कामातूनच लागते. कादंबरीचं पहिलं प्रकरण एका घराचं वर्णन आहे. लांब पॅसेज, गालिचा, कपाटं, चामड्याचा सोफा, पुस्तकं, दिवे. आणि हे सगळं कोंदिस्योनेलमध्ये. सुरुवातीला त्या घरात माणूस नाही, नुसती एक नजर एका वस्तूवरून दुसरीवर सरकते. तुम्ही रात्री दीड वाजता कार्टमध्ये चौऱ्याऐंशी वस्तू भरून ठेवल्या असतील आणि पैसे न भरताच फोन ठेवला असेल, तर ते प्रकरण तुमच्यासाठी साठ वर्षांपूर्वीच लिहून झालंय.

मधली कादंबरी अपूर्ण भूतकाळात जाते, ते दोघं ट्युनिशियात स्फॅक्सला जाऊन राहतात, तिथेही मन रमत नाही. आणि उपसंहार येतो तो भविष्यकाळात. ते परत येतील, त्यांना चांगल्या पगाराच्या नोकऱ्या मिळतील, घरही मिळेल, आणि बोर्दोकडे जाणाऱ्या गाडीत त्यांना मिळणारं जेवण बेचव असेल. पहिल्या प्रकरणातल्या 'असतं'चं शेवटी 'असेल' झालं. इच्छा पुरी झाली म्हणायची, व्याकरणाच्या अंगाने तरी.

इथे मराठीची खरी परीक्षा आहे. पहिलं प्रकरण 'असेल'मध्ये लिहिता येत नाही, कारण 'असेल' शेवटासाठी राखून ठेवायला हवं. आधीच वापरलं तर कादंबरीचा कणाच मोडतो. 'असता, असती, असतं'मध्ये लिहिलं तर ते घर जळून गेल्यासारखं वाटेल. उरतो विध्यर्थ. समुद्राजवळ एक घर असावं, मोठी खिडकी असावी: मराठी माणूस स्वप्न बघताना खरोखर असंच बोलतो. पण 'असावं'मध्ये इच्छा करणारा कुणीतरी ऐकू येतो, आणि पेरेकने त्या प्रकरणाच्या सुरुवातीला माणसं मुद्दाम येऊ दिलेली नाहीत. तिथली हाव कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांची आहे. तरी मी 'असावं'च निवडेन. थंडपणा जाईल, पण 'असावं'कडून 'असेल'कडे जाणारा रस्ता शाबूत राहील. पेरेक वाचताना मला तो रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो.

थोडं विषयांतर. याच रूपाचा एक उपयोग फ्रेंच बातमीदार करतात. मंत्री राजीनामा 'देतील' हे पक्कं नसेल तर क्रियापद कोंदिस्योनेलमध्ये टाकायचं, आणि बातमी 'म्हणे'च्या सुरात येते. मराठी वर्तमानपत्रं 'देणार असल्याचे समजते' लिहितात. त्यात निदान समजलेला कुणीतरी असतो, भले त्याचं नाव नसो. फ्रेंचमध्ये एक प्रत्यय बदलला की काम झालं. पण त्या प्रत्ययाआड लपता येत नाही, हे फ्रेंच कायद्याने फार पूर्वीच ओळखलं आहे. २९ जुलै १८८१च्या वृत्तपत्र कायद्याचं कलम २९ बदनामीची व्याख्या करतं आणि मजकूर शंकेच्या सुरात लिहिला असला तरी तो बदनामीकारक ठरू शकतो, असं म्हणतं. कवींनी 'असेलही, नसेलही' म्हणून सुटावं, बातमीदाराला ती सवलत नाही.

शेवटी द्युरास. मार्गरित द्युरासचा 'ल कामियों' ('ट्रक') हा १९७७चा चित्रपट. त्यात द्युरास आणि झेरार देपार्दिय एका खोलीत बसून संहिता वाचतात. एक बाई रस्त्यात हात दाखवून ट्रकमध्ये चढते आणि ड्रायव्हरशी बोलत राहते, अशी गोष्ट. ती बाई आणि तो ड्रायव्हर पडद्यावर कधीच येत नाहीत. मध्ये मध्ये एक ट्रक रस्त्याने जाताना दिसतो, एवढंच. बघताना मला दोनदा कंटाळा आला आणि पुस्तक वाचताना एकदाही नाही, हेही सांगून टाकते. देपार्दिय विचारतो, हा चित्रपट आहे का? द्युरास उत्तर देते ते आधी झालं-असतं-च्या रूपात आणि लगेच वर्तमानकाळात. इथे मराठी मुळीच अडखळत नाही. 'झाला असता' हे आपलं बंद दार तिला नेमकं हवं आहे: न झालेला चित्रपट आपल्यासमोर होतो आहे.

पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीला द्युरासने एका व्याकरणाचा आधार दिला आहे. मोरिस ग्रव्हिस या बेल्जियन व्याकरणकाराचं 'ल बों उझाज', १९३६पासून फ्रेंच घराघरांतलं पुस्तक. त्यातली नोंद अशा अर्थाची: हे रूप घटनांना कल्पनेच्या प्रदेशात नेतं, विशेषतः मुलं खेळ सुरू करण्याआधी ते वापरतात. फ्रेंच मुलं खरंच तसं बोलतात, 'असं म्हणूया की तू आई असशील', आणि ते 'असशील' कोंदिस्योनेलमध्ये. म्हणजे द्युरासचं 'झाला असता' हे खेळाच्या आधीचंही आहे, आणि तिथे आपलं 'असता' उघडं पडतं. भातुकली मांडताना कुठलंही मूल 'तू आई झाली असतीस' म्हणत नाही. ते वाक्य मोठी माणसं म्हणतात, आणि हळू आवाजात म्हणतात. मुलं सरळ आज्ञार्थात जातात, 'तू आई हो, मी बाबा.' नाहीतर 'समज' म्हणतात.

या 'समज'शी मी बरेच दिवस थांबले आहे. वर्तमानपत्रातलं 'समजते' आणि खेळातलं 'समज' एकाच धातूचे. एकात कुणालातरी कळलं आहे, दुसऱ्यात कुणालातरी मानायला सांगितलं आहे. 'ल कामियों' मराठीत करायचं झालं तर पहिल्या पानावर 'असता' ठेवून पुढे प्रत्येक प्रसंग 'समज'ने सुरू करता येईल का, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे. समज, हा रस्ता आहे. समज, ट्रक थांबला. समज, तू चढलीस.